पिल्लू घरी आणण्याआधी त्याच्या आईबापांची चौकशी करा

परीक्षा आटोपल्या की घराघरांत मुलं कुत्र्याच्या पिल्लासाठी हट्ट धरतात. त्याच सुमाराला मोबाईलवर पिल्लांचे फोटो फिरायला लागतात. बसकं नाक, कपाळावर आठ्या, टपोरे डोळे आणि खाली भाव: पेपरसह इतके, पेपरशिवाय तितके. येत्या सुट्टीत ज्यांच्या घरी असं पिल्लू यायचं आहे, ज्यांनी इसार दिलाय किंवा द्यायच्या बेतात आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चार दिवस थांबा. पैसे देण्याआधी हे वाचा, घरातल्यांनाही वाचून दाखवा. एकदा पिल्लू मांडीवर येऊन बसलं की चौकशीची वेळ टळून गेलेली असते. त्याला परत कोण देणार? मग त्याचं दुखणं त्याने सोसायचं आणि आपण जन्मभर दवाखान्याच्या पायऱ्या झिजवायच्या.

टाकून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून द्यायचं काम मी करते. पूर्वी आमच्याकडे यायची ती रस्त्यावरची जखमी कुत्री. आता जातिवंत कुत्रीही येतात. गळ्यात पट्टा असतो, नखं कापलेली असतात, नावाने हाक मारली की कान टवकारतात, आणि मागच्या पायांत उभं राहण्याचं बळ नसतं. कुणाचा खुबा निकामी झालेला, कुणाची दृष्टी गेलेली, कुणाला दोन जिने चढून श्वास पुरत नाही. उपचारांचा खर्च झेपेना म्हणून कुणीतरी हायवेच्या कडेला सोडून गेलेलं असतं. सोडणाऱ्यांचा राग येतो, यायलाच हवा. पण यातल्या पुष्कळ कुत्र्यांचं दुखणं त्यांच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. नर आणि मादी लावतानाच ते ठरलं होतं.

आधी हे कसं होतं ते समजून घेऊ. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत बिघाड असला तरी बहुतेक वेळा दुसरी प्रत काम निभावून नेते. कुत्रं धडधाकट दिसतं आणि तो बिघाड मुकाट्याने पुढच्या पिढीत जातो. असे लपलेले बिघाड प्रत्येक जिवात असतात, तुमच्या-माझ्यातही आहेत. नर-मादी परक्या घरची असतील तर दोघांतही नेमका तोच बिघाड असण्याची शक्यता कमी. दोघं एकाच रक्ताची असतील तर ती शक्यता वाढते, आणि मग पिल्लाच्या वाट्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात. याचं गणितही मांडलेलं आहे. सख्ख्या भावा-बहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लात सरासरी २५ टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या पिल्लात हे प्रमाण १२.५ टक्के, चुलत-मावस भावंडांच्या पिल्लात ६.२५ टक्के.

आता पुढचा आकडा बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २०२१ साली २२७ जातींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जातींतलं सरासरी प्रमाण निघालं जवळपास २५ टक्के. म्हणजे कागदावर भाऊ-बहीण कुठेही लावलेले दिसत नसले तरी सर्वसाधारण जातिवंत कुत्रं जनुकांच्या हिशेबात सख्ख्या भावंडांच्या पोटी जन्मल्यासारखंच आहे. ही सरासरी झाली. काही जाती याच्याही कितीतरी वर आहेत.

हे एका दिवसात झालेलं नाही. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसल इथे श्वानप्रदर्शन भरलं आणि १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. त्याआधी कुत्र्याची पारख त्याच्या कामावरून व्हायची. मेंढ्या वळणारं, शिकार हुडकणारं, राखण करणारं. प्रदर्शनात कुत्रं उभं राहिलं आणि पारख डोळ्यांनी व्हायला लागली. प्रत्येक जातीची वही तयार झाली आणि ती वही मिटली गेली. आत जितकी कुत्री नोंदली गेली, त्यांच्यातच पुढच्या सगळ्या पिढ्या व्हायच्या. बाहेरचं रक्त आलं तर जात बाटली. त्यात भर म्हणजे एखादा नर स्पर्धेत पहिला आला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवी. त्याच्या एकट्याच्या शेकडो संतती झाल्या, त्यांच्या संतती पुन्हा एकमेकांना लावल्या गेल्या, आणि त्या नराच्या पोटात दडलेला बिघाड घरोघरी पोचला.

आपल्याकडच्या जाणत्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वळूच्या स्वतःच्या कालवडी माजावर यायच्या वेळेला तो वळू बदलायचा, हे गावात पोराटोरांना ठाऊक असतं. धनगरही कळपातला मेंढा बदलतो. गाईम्हशींच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यान्पिढ्या जपलं, ते कुत्र्याच्या बाबतीत आपण कसं काय गहाण टाकलं, हे मला उमगत नाही. कदाचित कुत्रं दूध देत नाही, म्हणून त्याच्या वंशाची काळजी करायची कुणाला गरज वाटली नसेल.

पगबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या शहरांतून तो खूप दिसतो आणि खूप सोसतो. २००३ साली हच या मोबाईल कंपनीची जाहिरात आली. एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा छोटासा पग सगळ्या देशाला आवडला. त्यानंतर पगची मागणी अशी काही वाढली की जो तो पग विकायला लागला. एवढी पिल्लं आणायची कुठून? जी कुत्री हाताशी होती त्यांचीच. मुळात ही जात किती अरुंद पायावर उभी आहे बघा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली ब्रिटनमधल्या नोंदणीकृत कुत्र्यांच्या वंशावळी तपासल्या. तिथल्या सुमारे १०,००० पगमध्ये मिळून जनुकांची विविधता होती ती जेमतेम ५० वेगवेगळ्या कुत्र्यांइतकी.

गेल्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक काकू पगला घेऊन बसल्या होत्या. कुत्रं सहा वर्षांचं. उन्हातून रिक्षाने आणलेलं, जीभ बाहेर, जिभेचा रंग गुलाबीवरून जांभळटाकडे झुकलेला. नाकपुड्यांच्या जागी दोन बारीक चिरा. श्वास आत घेताना त्या चिरा आणखी मिटायच्या आणि बरगड्यांखालचं पोट खपाटीला जायचं. डॉक्टरांनी आधी त्याला ओल्या टॉवेलवर पंख्याखाली निजवलं, ऑक्सिजन लावला. तो जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "काकू, रात्री झोपतो कसा हा?" काकू हसून म्हणाल्या, "अहो, लाडोबा आहे अगदी. रबरी चेंडू तोंडात धरल्याशिवाय झोपच येत नाही त्याला. कधी कधी तर बसल्या बसल्या झोपतो, सोफ्याच्या काठावर हनुवटी टेकवून."

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. आडवं पडून तोंड मिटलं की त्याची हवा बंद होते, म्हणून तोंड उघडं राहावं यासाठी तो चेंडू धरून झोपतो. हनुवटी वर टेकवली की गळ्याची वाट थोडी मोकळी होते, म्हणून बसून झोपतो. सहा वर्षं तो एकही रात्र निवांत झोपलेला नसावा. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यांनी त्या कुत्र्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. कमी पडलं होतं ते एवढंच, की घेताना कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पगच्या कवटीचं हाड माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून आखूड केलं. आतलं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. टाळूचा मऊ भाग लांबच राहिला आणि तो श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो. नाकातल्या हाडांची गुंडाळी कोंबून भरल्यासारखी होते. काहींची श्वासनलिकाच अरुंद असते. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, पेकिनीज यांचीही कमीअधिक हीच कथा. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाकातोंडाच्या ओलाव्यावरून हवा खेळवूनच ते अंग थंड ठेवतं. ज्याची ती वाटच बंद केली आहे, त्याने अकोल्याच्या, चंद्रपूरच्या मे महिन्यात काय करायचं? पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा धडधाकट गावठी कुत्रंसुद्धा गटाराच्या कडेला ओल शोधून पडून राहतं. उष्माघाताने पग दगावायला दुपारचा अर्धा तास पुरतो, बंद गाडीत त्याहूनही कमी.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ साली हजारो कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. पगला वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसामान्य कुत्रं म्हणता येणार नाही, असं तिथल्या संशोधकांनी स्पष्ट म्हटलं. बुलडॉगची तर आणखी वेगळी परवड. पिल्लाचं डोकं इतकं मोठं आणि मादीची कंबर इतकी अरुंद की २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत दहापैकी आठाहून जास्त बाळंतपणं पोट फाडूनच करावी लागत होती. जी जात स्वतःच्या बळावर विऊ शकत नाही, ती आपण कुणासाठी चालवतो आहोत?

बाकीच्या जातींची दुखणी एवढी चेहऱ्यावर दिसत नाहीत, म्हणून ती लवकर कळत नाहीत. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडोर यांचा खुबा पुष्कळदा सांध्यात नीट बसत नाही. पिल्लू सशासारख्या उड्या मारत धावतं, सगळे कौतुकाने बघतात, आणि पाच-सहा वर्षांत ते उठताना कण्हायला लागतं. लॅब्रेडोरचं आणखी एक. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं की जवळपास एक चतुर्थांश लॅब्रेडोरांमध्ये भुकेशी निगडित एका जनुकात बिघाड असतो. आपण त्याला खादाड म्हणून हसतो, पोळी टाकत राहतो. त्या बिचाऱ्याला पोट भरल्याचं समजतच नाही. डॉबरमनचं हृदय फुगून निकामी होतं. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्याहून जास्त डॉबरमनांना आयुष्यात कधी ना कधी हा रोग झाल्याचं दिसलं, आणि अनेकदा त्याचं पहिलं लक्षण म्हणजे चालता चालता कोसळून मृत्यू. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या हृदयाची झडप लवकर खराब होते. मेंदूला कवटी अपुरी पडते आणि मणक्याच्या आत पाण्याच्या पोकळ्या होतात. या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्यात बसत नाही, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. नेदरलँड्सने आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर नाकाच्या लांबीचं माप लावलं आहे. तिकडची सरकारं जागी झाली. आपल्याकडे त्याच जाती हौसेने पाळल्या जातात, वाढदिवसाला भेट दिल्या जातात.

यावर उपाय नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डॅल्मेशियनची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं हे कुत्रं. इतर कुत्र्यांच्या शरीरात युरिक ॲसिडचं रूपांतर होऊन ते सहज विरघळणाऱ्या रूपात बाहेर पडतं. डॅल्मेशियनच्या शरीरात एका जनुकाच्या बिघाडामुळे हे नीट होत नाही. लघवीत युरिक ॲसिड साठतं, त्याचे खडे होतात, नराची मूत्रनळी तुंबते आणि तो तडफडतो. आणि हा बिघाड जातीतल्या एकूणएक कुत्र्यात, दोन्ही प्रतींत. कुठल्याही डॅल्मेशियनला कुठलाही डॅल्मेशियन लावा, सुटका नव्हतीच. मिटलेल्या वहीचा शेवट असा होतो.

रॉबर्ट शायबल नावाच्या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९७३ साली एका डॅल्मेशियनला पॉइंटर या दुसऱ्या जातीचा नर लावला. एकदाच. नंतर दर पिढीत निरोगी जनुक असलेलं पिल्लू निवडून ते पुन्हा डॅल्मेशियनलाच लावलं. पाचव्या पिढीपर्यंत दिसायला, वागायला पक्के डॅल्मेशियन आणि लघवीत खडा नाही, अशी कुत्री तयार झाली. १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने त्यातली दोन नोंदवूनही घेतली. पण जातीच्या अभिमान्यांनी गदारोळ केला, रक्त अशुद्ध झालं म्हणून दार पुन्हा बंद झालं. २००८ साली डेव्हिसच्या प्रयोगशाळेत तो नेमका बिघाड सापडला, साध्या चाचणीने तो ओळखता यायला लागला, आणि २०११ साली ही निरोगी कुत्री अखेर वहीत आली. मधल्या तीस वर्षांत किती कुत्री मुतखड्याने तळमळून मेली असतील, याचा विचार करवत नाही. औषध दारात उभं होतं आणि आपण शुद्धतेचा सोवळेपणा पाळत होतो.

हे वाचून आपल्या मातीतल्या कुत्र्यांचे शौकीन खूश झाले असतील, तर त्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगलीकडची कारवानी आणि पश्मी, सीमेपलीकडचा मुधोळ, ही आपली खरी दौलत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या कुत्र्यांना नावारूपाला आणलं, ती आज सैन्यापर्यंत पोचली आहेत. ही कुत्री टिकली ती माळावर सशामागे धावून. ज्याचा दम कमी, ज्याचा पाय कच्चा, त्याला पुढे कुणी लावत नसे. आता यांनाही बाजार लागला आहे, प्रदर्शनं भरतात, शर्यतीत जिंकलेल्या नराला लांबून लांबून माद्या आणल्या जातात. अमुक रंग हवा, अमुक उंची हवी, म्हणून मामा-भाचीच्या, भावा-बहिणीच्या जोड्या लावू नका. एका नरावर सगळी भिस्त ठेवू नका. चार गावं ओलांडून वेगळ्या ओळीचा नर आणा, आणि कोणाला कोण लावला हे वहीत लिहून ठेवा. आपल्या जाती अजून हातातून गेलेल्या नाहीत. विलायती जातींची जी गत व्हायला दीडशे वर्षं लागली, ती आजच्या मागणीने आपण दहा-पंधरा वर्षांत करून ठेवू.

आता पिल्लू घ्यायला निघालेल्यांशी थेट बोलते. विकणारा तुम्हाला 'पेपर' दाखवील. तो कागद म्हणजे वंशावळ. आईबाप कोण, आजे-पणजे कोण, हे त्यावर कळतं. ते निरोगी होते की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. कागदाचा एक उपयोग मात्र नक्की करा. आईच्या बाजूची आणि बापाच्या बाजूची नावं शेजारी ठेवून वाचा. तीन-चार पिढ्यांत तेच नाव दोन्हीकडे दिसलं तर विकणारा अभिमानाने म्हणेल, "चॅम्पियन लाईन आहे साहेब, पक्की केलेली." त्याचा अर्थ रक्ताच्या नात्यात लावलेली जोडी. तिथून उठा.

आई दाखवा म्हणून सांगा. फोटो किंवा व्हिडिओ चालणार नाही, ती जिथे ठेवली आहे तिथे जाऊन बघा. ती कशी चालते, कसा श्वास घेते, माणसाजवळ येते की कोपऱ्यात दबते, तिची आचळं सतत वेताने लोंबलेली आहेत का. बापाचा मालक कोण ते विचारा आणि फोन करा. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, डॉबरमनचं असेल तर हृदयाच्या तपासणीचा कागद मागा. "आमच्याकडे कधी तक्रार आलेली नाही" हे उत्तर म्हणजे तपासणी केलेली नाही, असं धरून चाला. आणि चपट्या नाकाचं पिल्लू कृपा करून घेऊच नका. आई कितीही निरोगी दिसली, पेपर कितीही देखणा असला तरी नको. मागणी थांबल्याशिवाय त्यांची पैदास थांबणार नाही, आणि मागणी आपल्या खिशातून जाते.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत मादी लावायची नाही, वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाही. नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, तेही लक्ष देऊन ऐका. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याला आणि प्राणी कल्याण मंडळाला माझी जाहीर मागणी आहे: नोंदणी झालेल्या पैदासकारांची यादी जिल्हावार, मराठीत, सर्वांना दिसेल अशी लावा, आणि सुट्ट्यांच्या आधी तपासणी करा, नंतर नको.

पशुवैद्यांनो, तुमच्या शब्दाला घरात वजन असतं. पहिल्या लसीला पिल्लू येतं तेव्हाच नाकपुड्या, खुबे, हृदय यांच्याबद्दल मोकळेपणाने सांगा. माणसं नाराज होतील म्हणून गप्प राहू नका. जाहिराती आणि मालिका करणाऱ्यांनो, चपट्या नाकाचं कुत्रं पडद्यावर आणणं थांबवा. एका जाहिरातीने या देशात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांच्या घरी असं कुत्रं आधीच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये, त्याच्यावरची माया कमी करू नये. त्याला आता तुमचीच जास्त गरज आहे. त्याचं वजन आटोक्यात ठेवा, कारण गळ्याभोवतीची चरबी श्वासाची उरलीसुरली वाटही दाबते. गळ्यात पट्टा न घालता छातीला बांधायचा हार्नेस वापरा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच फिरवा. तो घोरतो ते गोड वाटून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. नाकपुड्या मोकळ्या करायची आणि टाळूचा लांबलेला भाग कापायची शस्त्रक्रिया होते, आणि ती लवकर केली तर जास्त उपयोगी पडते. आणि त्याची पिल्लं होऊ देऊ नका. "एकदा तरी पिल्लं व्हायला हवीत, नाहीतर मादी आजारी पडते" हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितलं जातं, त्याला कुठलाही वैद्यकीय आधार नाही. शेजारचा पग आणि आपली पग एकत्र आणून मुलांना गंमत दाखवायची, उरलेली पिल्लं नातेवाइकांत वाटायची, अशानेही हा पसारा वाढतो.

पिल्लू हवंच असेल, तर आधी गल्लीत बघा. महापालिकेच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या निवाऱ्यांत जा. आपलं गावठी कुत्रं आजारी पडतच नाही असं मी म्हणणार नाही, त्यालाही लसी लागतात, त्यालाही म्हातारपण येतं. पण त्याच्या मागे शेकडो पिढ्यांचं मोकळं रक्त आहे, या हवेत तगलेलं शरीर आहे. ते तुमच्या दारात ऊन, पाऊस, शिळी भाकरी सगळं पचवून उभं आहे. जातिवंतच हवं असेल तर आमच्यासारख्यांकडे टाकून दिलेली कित्येक आहेत, त्यांना घर द्या.

आणि वैध नोंदणी नसलेला, आई न दाखवणारा, सहा आठवड्यांची पिल्लं रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यात ठेवून विकणारा कुणी दिसला तर केवळ हळहळून पुढे जाऊ नका. दया येऊन ते पिल्लू विकत घेऊ नका, त्या पैशांतून तो पुढच्या महिन्यात आणखी चार आणील. जागेचा, पिंजऱ्याचा, पाटीवरच्या फोन नंबराचा फोटो काढा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे, तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्याकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, तक्रारीची पोच घ्या, आणि आठ दिवसांनी जाऊन पुढे काय झालं ते विचारा.